घास घेताच जबड्याखाली येणारी सूज : लाळग्रंथीतील खडे आणि त्यांवरील उपचार

जेवणाचे ताट समोर येते, कैरीच्या लोणच्याची फोड जिभेवर ठेवली जाते आणि त्याच क्षणी जबड्याखाली एका बाजूला ताण बसू लागतो. दोन-चार घास होईपर्यंत तेथे लिंबाएवढी सूज उभी राहते. तोंड हलवले की ठणका लागतो. जेवण उरकून तासाभराने पाहावे, तर सूज ओसरलेली असते आणि दुखणेही थांबलेले असते. पुन्हा संध्याकाळच्या जेवणाला हाच प्रकार. कधी आठवडाभर काहीच होत नाही, माणूस हे सारे विसरून जातो, आणि मग एखाद्या लग्नाच्या पंगतीत अचानक गाल धरून उठण्याची वेळ येते.

जेवणाशी अशी घड्याळासारखी जोडलेली सूज हे लाळग्रंथीत किंवा तिच्या नलिकेत खडा अडकल्याचे जवळपास ओळखपत्रच मानावे लागेल. मूतखडा आणि पित्ताशयातील खडे घरोघर ठाऊक असतात. लाळेतही खडे होतात, हे मात्र बहुतेकांना स्वतःला किंवा जवळच्या कोणाला ते झाल्यावरच कळते. या अपरिचयाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. सूज आपोआप ओसरत असल्याने त्या दिवशी घेतलेल्या गोळीला श्रेय मिळते, दर खेपेस प्रतिजैविकांचा नवा डोस सुरू होतो, महिने आणि कधी वर्षेही निघून जातात. खडा तेवढ्या काळात वाढत राहतो आणि सहज निघू शकणारा लहानसा खडा पुढे मोठ्या शस्त्रक्रियेचे कारण ठरतो.

तीन जोड्या आणि दोन नळ्या

माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तोंडाच्या अस्तरात विखुरलेल्या शेकडो सूक्ष्म ग्रंथी असल्या तरी मुख्य भार मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्यांवर असतो. कानाच्या पुढे, गालाच्या मागच्या भागात पॅरोटिड ग्रंथी असते. गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच. खालच्या जबड्याच्या कडेआड सबमँडिब्युलर ग्रंथी असते, तिला मराठीत सोयीने जबड्याखालची ग्रंथी म्हणता येईल. तिसरी जोडी थेट जिभेखाली असते. एरवी, म्हणजे आपण काही खात नसतो तेव्हा, तोंड ओले ठेवण्याचे काम प्रामुख्याने जबड्याखालच्या ग्रंथी करतात. घास चावायला लागलो की पॅरोटिडचा वाटा एकदम वाढतो. झोपेत हा सारा प्रवाह जवळजवळ थांबतो.

जबड्याखालच्या ग्रंथीतून निघणारी नलिका सुमारे पाच सेंटिमीटर लांबीची असून ती जिभेखालच्या उभ्या पडद्याच्या शेजारी एका इवल्याशा उंचवट्यावर उघडते. आरशासमोर जीभ टाळूला लावून लिंबाचे नाव काढले तर तेथून लाळेचा थेंब येताना दिसू शकतो. लंडनचे वैद्य थॉमस व्हॉर्टन यांनी 1656 मध्ये ग्रंथींवरील आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले, म्हणून ती व्हॉर्टनची नलिका. पॅरोटिडची नलिका गालाच्या आतल्या बाजूस, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. नील्स स्टेन्सन या तरुण डॅनिश विद्यार्थ्याला ती 1660 साली ॲम्स्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना सापडली. शोध कोणाचा, यावरून त्याचा आणि त्याच्या यजमान शिक्षकाचा चांगलाच वाद झाला होता. पुढे या स्टेन्सनने वैद्यक मागे टाकले आणि खडकांच्या थरांचा अभ्यास केला. ‘जिभेचे दगड’ म्हणून युरोपात विकले जाणारे जीवाश्म हे प्रत्यक्षात शार्क माशाचे दात आहेत हे त्याने मांडले आणि घन पदार्थाच्या आत दुसरा घन पदार्थ कसा सापडतो, यावर 1669 मध्ये एक निबंध लिहिला. भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते. ज्याच्या नावाच्या नलिकेत खडे सापडतात, तोच पुढे खडकांचा अभ्यासक व्हावा, हा योगायोग गमतीचाच म्हणायचा.

खडा बनतो कसा?

लाळ म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेल्या स्थितीत असतात आणि दातांच्या आवरणाची झीज भरून काढण्यासाठी त्यांची गरजही असते. हेच क्षार दातांवर कीटणाच्या रूपाने साचतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूला कीटण जास्त का धरते, असा प्रश्न दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या अनेकांना पडतो. त्याचे उत्तर याच दोन नलिकांच्या तोंडांमध्ये आहे. क्षारयुक्त ताजी लाळ प्रथम तेथेच पोहोचते.

नलिकेत लाळ साचून राहिली की चिकट द्रव्याचा, झडलेल्या पेशींचा किंवा जिवाणूंचा एखादा सूक्ष्म गोळा केंद्रस्थानी येतो आणि त्याच्याभोवती कॅल्शियम फॉस्फेटचे थर चढू लागतात. खडा कापून पाहिला तर कांद्याप्रमाणे एकावर एक थर दिसतात. वाढीचा वेग संथ, वर्षाला साधारण एक मिलिमीटर, असा अंदाज केला जातो. त्यामुळे सहा-सात मिलिमीटरचा खडा हाती आला, तर तो काही वर्षांपासून मुक्कामाला असावा, असे समजायला हरकत नाही. बहुतेक खडे एक सेंटिमीटरच्या आतले असतात. दीड सेंटिमीटरच्या पुढचा खडा ‘महाकाय’ म्हणून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवला जातो.

दर दहा खड्यांपैकी आठ ते नऊ जबड्याखालच्या ग्रंथीचे असतात. या ग्रंथीची लाळ घट्ट आणि अधिक अल्कधर्मी असते, तिच्यात कॅल्शियमचे प्रमाणही जास्त. त्यातच तिची नलिका लांब आहे, तोंडाचा तळ तोलून धरणाऱ्या स्नायूच्या कडेला वळसा घेते आणि तेथून गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढते. शेवटचे तोंड तर संपूर्ण नलिकेत सर्वात अरुंद. घट्ट पाणी, लांब नळ, वाटेत वळण, वरच्या मजल्याची चढण आणि टोकाला बारीक तोटी, असे जोडकाम घरात असते तर नळ तुंबल्याचे नवल कोणाला वाटले नसते.

मध्यम वयात, साधारण तिशी ते साठीच्या दरम्यान, हा त्रास अधिक आढळतो. लहान मुलांत तो क्वचितच दिसतो, पण दिसत नाही असे नाही. पाणी कमी पिणे, लघवी वाढवणारी रक्तदाबावरील औषधे, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे यांमुळे लाळ कमी किंवा घट्ट होते आणि खड्याला पोषक स्थिती तयार होते. धूम्रपान आणि हिरड्यांचे जुनाट आजार यांचाही संबंध दाखवला गेला आहे. म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. त्याविषयी संबंधित डॉक्टरांशीच बोलावे.

मूतखड्याच्या अनुभवावरून अनेकांची कल्पना अशी होते की आहारातील कॅल्शियम जास्त झाले असावे, मग दूध बंद होते, पालेभाजी आणि टोमॅटो ताटातून हद्दपार होतात. लाळेच्या खड्यांच्या बहुतेक रुग्णांत रक्तातील कॅल्शियम अगदी व्यवस्थित असते. दूध सोडून खडा थांबत नाही, हाडांचे नुकसान तेवढे होते. गाऊट असलेल्या काही रुग्णांत युरिक आम्लाचे खडे होऊ शकतात, हा अपवाद. तसेच कुळथाचे कढण, पानफुटीची पाने किंवा बाजारात मिळणारी खडा विरघळवणारी औषधे यांपैकी कशानेही लाळेतला खडा विरघळतो, असा पुरावा नाही. तो एक तर वाहून बाहेर पडतो, किंवा काढावा लागतो.

दुखते का, आणि कधी दुखत नाही?

आंबट पदार्थ पाहिला, त्याचा वास आला, तरी मेंदूचा आदेश सुटतो आणि ग्रंथी लाळ तयार करू लागते. वाट खड्याने अडवलेली असल्यामुळे ती मागे साचते, ग्रंथीचे आवरण ताणले जाते आणि ठणका सुरू होतो. लाळ हळूहळू खड्याच्या कडेने झिरपत बाहेर पडली की ताण उतरतो. खडा वाट पूर्ण बंद करत नसेल तर त्रास पुसट असतो. जेवताना थोडे जड वाटणे, तोंडाला अधूनमधून खारट चव येणे, एवढीच लक्षणे असतात. काही खडे तर काहीच त्रास न देता पडून राहतात आणि दातांसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये अवचित दिसतात.

तुंबलेल्या लाळेत जिवाणू वाढले की चित्र बदलते. सूज जेवणानंतर उतरत नाही, कातडी लाल आणि गरम होते, ताप येतो, तोंड उघडणे कठीण होते, नलिकेच्या तोंडातून पू येऊ लागतो. येथे प्रतिजैविके लागतातच आणि ती पूर्ण मुदतीची घ्यावी लागतात. क्वचित हा संसर्ग जिभेखालच्या तळभर पसरतो. जर्मन वैद्य विल्हेल्म फॉन लुडविग यांनी 1836 साली वर्णन केलेली ही अवस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जीभ वर उचलली जाणे, आवाज घोगरा होणे, थुंकीही गिळता न येणे, श्वासाला अडथळा वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. श्वासमार्ग काही तासांत बंद होऊ शकतो, अशा रुग्णाला रात्री-अपरात्रीही थेट रुग्णालयातच नेले पाहिजे.

याच्या उलट बाजूकडेही लक्ष हवे. जेवणाशी काहीही संबंध नसलेली, न दुखणारी, येत-जात नसलेली आणि हळूहळू वाढणारी गाठ ही खड्याची खूण नाही. ती लाळग्रंथीतील अर्बुदाची असू शकते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा गाठ दगडासारखी घट्ट लागणे ही तर धोक्याची लक्षणे होत. गाठ दुखत नाही म्हणून थांबणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दुखणाऱ्या गाठीपेक्षा न दुखणाऱ्या गाठीची तपासणी अधिक निकडीची, हे तारतम्य ठेवायला हवे. मानेत क्षयरोगाच्या गाठी आपल्याकडे बऱ्याच आढळतात, गालगुंडाची साथ येते, दाढ किडल्यानेही जबड्याखाली सूज येते, कोरड्या तोंडाबरोबर दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजत असतील तर शोग्रेन नावाच्या स्वप्रतिकार विकाराचा विचार करावा लागतो. म्हणूनच निदान घरच्या घरी ठरवू नये.

निदान : बोटांपासून सोनोग्राफीपर्यंत

कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मुखशल्यविशारद, दोघेही हा विकार पाहतात. तपासणीची सुरुवात अगदी साध्या गोष्टीने होते. हातमोजा घातलेले एक बोट जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटे जबड्याखाली, आणि मागून पुढे चाचपणी. नलिकेच्या पुढच्या भागातील खडा अनेकदा असाच हाताला लागतो. कधी तर तो नलिकेच्या तोंडाशी पिवळसर ठिपक्यासारखा डोळ्यांनाही दिसतो. ग्रंथी दाबली असता स्वच्छ लाळ येते, गढूळ येते की काहीच येत नाही, हेही डॉक्टर पाहतात. रुग्णाने आपल्या बाजूने सूज नेमकी केव्हा येते, किती वेळ टिकते, हे सांगितले तर निम्मे काम होते. सूज आलेली असताना मोबाइलवर टिपलेले छायाचित्र तर फारच उपयोगी, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती बहुधा ओसरलेली असते.

तोंडात पट्टी धरून काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये जबड्याखालच्या ग्रंथीचे बरेच खडे दिसतात, पण साधारण पाचातला एक दिसत नाही. पॅरोटिडच्या खड्यांमध्ये न दिसणाऱ्यांचे प्रमाण याहून बरेच जास्त असते. म्हणजे एक्स-रे स्वच्छ आला, यावरून खडा नाही असे ठरत नाही. सोनोग्राफी स्वस्त आहे, किरणोत्सर्गापासून मुक्त आहे आणि दोन मिलिमीटरपेक्षा मोठा खडा बहुतेक वेळा पकडते. खड्याची नेमकी जागा आणि संख्या शस्त्रक्रियेआधी ठरवायची असेल तर रंगद्रव्य न टोचता काढलेला सीटी स्कॅन अधिक खात्रीचा. नलिका कोठे आकसली आहे हे पाहण्यासाठी तिच्यात रंगद्रव्य सोडून चित्रे घेण्याची जुनी पद्धत आहे. हल्ली एमआरआयनेही हे काम होते.

उपचार कोणता, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : खडा कोणत्या ग्रंथीचा, किती मोठा आणि नलिकेत नेमका कोठे.

आधी पाणी, शेक आणि लिंबू

लहान खड्यांच्या बाबतीत पहिला प्रयत्न त्याला स्वतःहून बाहेर पडू देण्याचा असतो. भरपूर पाणी प्यावे, सुजलेल्या भागावर कोमट शेक द्यावा, दिवसातून अनेकदा ग्रंथीवर मागून पुढे, नलिकेच्या दिशेने बोटांनी मालिश करावे, आणि लिंबाची फोड, आवळा किंवा आंबट गोळी चोखून लाळेचा लोट वाढवावा. वेदनेसाठी सूज उतरवणारी गोळी डॉक्टर देतात. दोन-तीन मिलिमीटरचे खडे अशा रीतीने एखाद्या सकाळी वाळूच्या कणासारखे जिभेवर येतात. तो कण टाकून न देता डॉक्टरांना दाखवावा.

यात एक पथ्य आहे. वाट पूर्ण बंद असेल, ग्रंथी आधीच टणक ताणलेली असेल, तर लिंबू चोखल्याने फक्त वेदना वाढते. संसर्ग झालेला असताना जोरजोराने मालिश करणेही बरे नव्हे. आणि टाचणी, सुई किंवा टोकदार काडी घेऊन आरशासमोर स्वतःच खडा उकरण्याचा उद्योग तर कोणीही करू नये. नलिकेच्या तोंडाला जखम झाली की ती भरताना आकसते आणि मग खडा गेल्यावरही सूज कायम राहते.

तोंडातून काढण्याची शस्त्रक्रिया

हाताला लागणारा, नलिकेच्या पुढच्या भागातला खडा काढणे हे तुलनेने सोपे काम आहे. जिभेखालचा भाग बधिर करून शल्यविशारद प्रथम खड्याच्या मागच्या बाजूस नलिकेभोवती एक टाका घालतात. हा टाका महत्त्वाचा. तो नसेल तर चिमट्याचा स्पर्श होताच खडा मागे, ग्रंथीकडे निसटतो आणि दहा मिनिटांचे काम तासावर जाते. मग खड्यावरच नलिकेच्या लांबीच्या दिशेने छेद घेऊन तो उचलला जातो. छेद पुन्हा घट्ट शिवून टाकला तर नलिका आकसण्याचा धोका असतो, म्हणून तिच्या कडा तोंडाच्या तळाला जोडून लाळेसाठी नवे, ऐसपैस तोंड तयार केले जाते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

खडा मागे, ग्रंथीच्या दाराशी असला तरी कुशल हातांना तो तोंडातूनच काढता येतो. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते आणि मदतनीस बाहेरून ग्रंथी वर ढकलून धरतो. या मार्गावर जिभेला संवेदना पुरवणारा मज्जातंतू नलिकेला अगदी बिलगून, तिच्याखालून वळसा घेत जातो. त्याला ताण बसला तर जिभेच्या त्या बाजूला काही दिवस किंवा आठवडे मुंग्या येतात. कायमची बधिरता क्वचित, पण तिची कल्पना रुग्णाला आधी दिलेली असावी. गुटखा-सुपारीमुळे ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, त्यांच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया फार अडचणीची होऊन बसते.

दुर्बीण नलिकेत शिरते तेव्हा

मागच्या शतकाच्या अखेरपर्यंत मागच्या भागातील खड्यांवरचा रूढ उपाय म्हणजे मानेवर छेद घेऊन संपूर्ण ग्रंथीच काढून टाकणे. त्यामागची समजूत अशी की खड्याने आणि वारंवारच्या संसर्गाने ग्रंथी निकामी झालेलीच असते, मग ती ठेवून काय उपयोग? ही समजूत तपासण्यासाठी जिनिव्हातील शल्यविशारद फ्रान्सिस मार्शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खड्यांमुळे काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाला : जवळपास निम्म्या ग्रंथी सामान्य किंवा सामान्याच्या जवळ होत्या. त्रास किती वर्षांचा, संसर्ग किती वेळा झाला, यांवरूनही ग्रंथीच्या हानीचा अंदाज बांधता येत नव्हता. याचा सरळ अर्थ असा की अनेकांच्या चांगल्या ग्रंथी विनाकारण गेल्या होत्या.

तोवर पर्याय तयार होत आला होता. फ्रान्समध्ये फिलिप कात्झ यांनी 1990 च्या सुमारास लाळेच्या नलिकेत बारीक लवचीक दुर्बीण घालून पाहिली. पुढच्या दशकात इस्रायलमध्ये ओडेड नाहलिएली आणि जिनिव्हात मार्शाल यांनी या तंत्राला घडीव रूप दिले. सायलेंडोस्कोपी या नावाने ते आता ओळखले जाते. यातील दुर्बीण साधारण एक मिलिमीटर जाडीची, म्हणजे जाड सुईएवढी. नलिकेचे तोंड क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या सळ्यांनी रुंद केले जाते, सलाइनच्या धारेने नलिका फुगवली जाते आणि आतले चित्र पडद्यावर दिसू लागते. खडा दिसला की दुर्बिणीतूनच तारेची इवलीशी टोपली पुढे सरकवून, खड्यापलीकडे उघडून, त्याला तिच्यात पकडून बाहेर ओढले जाते. बाहेर कोठेही छेद नाही, टाका नाही.

सारे खडे मात्र असे निघत नाहीत. जबड्याखालच्या नलिकेत साधारण चार मिलिमीटरपर्यंतचा आणि पॅरोटिडच्या नलिकेत तीन मिलिमीटरपर्यंतचा सुटा खडा टोपलीत येतो. त्याहून मोठा असेल तर आधी लेसरने किंवा बारीक हातोड्यासारख्या यंत्राने फोडावा लागतो. ग्रंथीच्या गाभ्यात रुतलेला खडा दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर राहतो. मोठ्या खड्यांसाठी मिश्र पद्धतही वापरतात. दुर्बिणीने जागा हेरायची आणि तेवढ्याच जागी लहान छेद घेऊन खडा काढायचा. पॅरोटिडच्या बाबतीत ही पद्धत विशेष मोलाची, कारण चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू त्या ग्रंथीच्या आतूनच फांद्या फोडत जातो आणि संपूर्ण ग्रंथी काढणे म्हणजे त्याच्याशी खेळ.

दुर्बिणीनंतर सलाइनमुळे एक-दोन दिवस गाल किंवा जबडा सुजलेला राहतो. ते अपेक्षितच आहे. नलिकेला छिद्र पडणे, टोपली खड्यासह अडकून बसणे, पुढे नलिका आकसणे, अशा अडचणी कमी प्रमाणात येतात. शेवटचा धोका टाळण्यासाठी काही वेळा नलिकेत बारीक नळी काही दिवस ठेवली जाते.

मूतखडा बाहेरून ध्वनिलहरींचे आघात देऊन फोडण्याची पद्धत म्युनिकमध्ये 1980 साली प्रथम रुग्णावर वापरली गेली. तीच लाळेच्या खड्यांवर वापरण्याचे काम जर्मनीतीलच एरलांगेन येथे हाइनरिश इरो यांच्या गटाने 1989 मध्ये पुढे आणले. सोनोग्राफीने नेम धरायचा, आठवड्यांच्या अंतराने काही बैठका घ्यायच्या आणि फुटलेला चुरा लाळेबरोबर वाहू द्यायचा. पॅरोटिडच्या खड्यांत तिचा उपयोग अधिक होतो. तथापि तिची खास यंत्रे प्रामुख्याने युरोपातील मोजक्या केंद्रांपुरतीच राहिली.

या सगळ्या पद्धतींचा एकत्रित हिशेब 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक केंद्रांतील 4,691 रुग्णांच्या या पाहणीत सुमारे 80 टक्के रुग्णांचे खडे पूर्णपणे निघाले होते, सुमारे 17 टक्क्यांत काही अंश उरला होता आणि ग्रंथी काढण्याची वेळ जेमतेम 3 टक्क्यांवर आली होती. हे आकडे अनुभवी केंद्रांचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. तरीही पूर्वी ज्या शस्त्रक्रियेला सर्रास पहिला मान होता, ती आता शेवटच्या क्रमांकावर गेली आहे, एवढे त्यांतून स्पष्ट होते.

ग्रंथी काढायची वेळ आलीच तर

काही रुग्णांसाठी ती शस्त्रक्रियाच योग्य असते. ग्रंथीत अनेक खडे खोलवर पसरलेले असणे, वारंवार गळू होणे, ग्रंथी आक्रसून तंतुमय झालेली असणे किंवा इतर उपाय फसलेले असणे ही त्याची कारणे. जबड्याच्या कडेखाली दोन बोटे अंतरावर, मानेच्या नैसर्गिक घडीत छेद घेतला जातो. तेवढ्या लहान जागेत तीन मज्जातंतू सांभाळावे लागतात. एक खालच्या ओठाचा कोपरा हलवणारा, एक जिभेच्या संवेदनेचा आणि एक जिभेच्या हालचालीचा. पहिल्याला ताण बसला तर हसताना ओठ एका बाजूला वाकडा दिसतो. बहुतेकांत तो काही आठवड्यांत पूर्ववत होतो, काही थोड्यांत होत नाही. एका बाजूची ग्रंथी गेल्याने तोंड कोरडे ठणठणीत पडत नाही, उरलेल्या पाच मोठ्या ग्रंथी काम चालवतात. पण वय वाढले, कोरडेपणा आणणारी औषधे सुरू झाली की ही कमी झालेली शिल्लक जाणवू शकते.

म्हणून ‘ग्रंथी काढावी लागेल’ असे सांगितले गेल्यास रुग्णाने संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. खडा किती मिलिमीटरचा आहे? नलिकेत आहे की ग्रंथीच्या गाभ्यात? तोंडातून निघेल का? दुर्बिणीने निघण्यासारखा आहे का, आणि येथे ती सोय नसेल तर कोठे आहे? सायलेंडोस्कोपीची उपकरणे नाजूक आणि महाग असून ती प्रामुख्याने मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांतच मिळतात. ती हाताळण्याचा सराव असलेले शल्यविशारदही मोजकेच. त्यामुळे सोय नाही म्हणून ग्रंथी काढण्याचा सल्ला मिळणे अशक्य नाही. संसर्ग आटोक्यात असेल तर ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. दुसरे मत घेण्यासाठी आठवडा-पंधरवडा नक्कीच काढता येतो आणि कोणत्याही सुज्ञ डॉक्टरला त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

खडा निघाल्यानंतर पाणी पुरेसे पिणे, काही आठवडे दिवसातून दोन-तीनदा आंबट गोळी चोखून ग्रंथीचे मालिश करणे, दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवणे, तंबाखू सोडणे, एवढी पथ्ये सांगितली जातात. काही रुग्णांत पुन्हा खडा होतो, क्वचित दुसऱ्या बाजूलाही. तेव्हा जेवताना जबड्याखाली पुन्हा तोच ताण जाणवला तर जुन्या चिठ्ठीवरील प्रतिजैविक स्वतःहून आणू नये. सोनोग्राफी करून घ्यावी आणि आधीचे अहवाल बरोबर न्यावेत.